मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता

काही रोग असे असतात की, ते डोळ्यांना दिसू लागेपर्यंत त्यांच्यावर इलाज संभवतच नाही. मेंदूतील व पाठीच्या कण्यातील रक्तवाहिन्यांच्या रचनेत जे दोष उत्पन्न होतात, ते याच जातीचे होत. शुद्ध रक्त नेणारी रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणणारी नीला यांच्यामध्ये केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे असते व रक्ताचा जोर तेथे ओसरतो. क्वचित् एखाद्या जागी हे जाळे नसतेच. रोहिणी थेट नीलेत उघडते आणि नीलेच्या पातळ भिंतीवर रोहिणीचा पुरा जोर येऊन पडतो. अशा ठिकाणी वाहिन्यांचा गुंता माजतो. तो फुटला म्हणजे चांगला चालताबोलता तरुण एकाएकी डोके धरून कोसळतो. मागच्या पिढ्यांत अशा मृत्यूचे कारण कोणी बाहेरची बाधा सांगे, कोणी प्राक्तन.

विर्खो या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विकृतींचे वर्गीकरण केले, पण ते मुख्यत्वे शवविच्छेदनाच्या मेजावर. जिवंत रोग्याच्या मस्तकात काय आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. १९२८ साली अमेरिकेत कुशिंग व डँडी या दोन मातबर शस्त्रवैद्यांनी आपापला अनुभव स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. दोघांचाही सूर निराशेचा होता. गाठ समजून कवटी उघडावी, आत धडधडणारा गुंता दिसावा आणि रक्ताच्या भयाने हात आवरावा, अशी ती अवस्था.

वस्तुतः मार्ग एक वर्ष आधीच सापडला होता, आणि तो सापडला लिस्बन शहरी. एगाश मोनिझ हा पोर्तुगीज वैद्य मोठा विलक्षण पुरुष. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहपरिषदेत त्याने आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले होते. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. त्यामुळे सुई टोचण्याचे काम त्याचा तरुण सहकारी अल्मैदा लिमा करी. क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य मानेतील रोहिणीत सोडले तर मेंदूतील वाहिन्यांची छाया उमटेल, ही मोनिझची कल्पना. पहिल्या प्रयत्नांत एक रोगी दगावला. द्रव्य बदलून पुन्हा प्रयोग झाले आणि १९२७ च्या जूनमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या प्रथमच चित्रात उमटल्या. गंमत अशी की, १९४९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते या शोधाबद्दल नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. आणि ती शस्त्रक्रिया आज त्याज्य ठरली आहे. आम्हां मराठी वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. याच मोनिझने १९२५ साली आबे फारियावर ग्रंथ लिहिला होता. हा फारिया म्हणजे १७५६ साली गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेला आणि पुढे पॅरिसात संमोहनविद्येने गाजलेला पाद्री. पणजीत त्याचा पुतळा आहे. मस्तकाच्या आत डोकावण्याची मोनिझची हौस जुनीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

नकाशा हाती आल्यावर शस्त्रवैद्यांना धीर आला. स्टॉकहोमच्या ओलिव्हेक्रोना याने १९३२ साली असा एक गुंता समूळ काढून दाखविला. १९५३ मध्ये सेल्डिंगर या स्वीडिश वैद्याने बारीक तारेवरून लवचीक नळी रोहिणीत सरकविण्याची युक्ती काढली. या युक्तीमुळे पुढे मांडीतून शिरून थेट मस्तकापर्यंत पोहोचणे शक्य झाले. १९६० साली वॉशिंग्टनच्या ल्यूसेनहॉप व स्पेन्स यांनी तर शत्रूच्याच बळाचा उपयोग केला. गुंता आजूबाजूच्या मेंदूहून अधिक रक्त ओढून घेतो. तेव्हा मानेतील रोहिणीत प्लास्टिकच्या गोळ्या सोडल्या की प्रवाह आपण होऊनच त्यांना गुंत्याकडे नेतो व तोंड बुजते. आज गोळ्यांऐवजी चटकन घट्ट होणारा डिंकासारखा द्रव वापरतात, पण तत्त्व तेच.

मुंबईत ही विद्या रुजली ती बव्हंशी परळच्या केईएम रुग्णालयात. १९२६ साली उघडलेल्या या संस्थेत डॉ. होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. पुढे त्याच विभागातील डॉ. अनिल करापूरकर यांनी कवटी न उघडता नळीवाटे उपचार करण्याची वाट धरली. शस्त्र चालविण्यात तरबेज असलेल्या माणसाने शस्त्र बाजूस ठेवून नळी हाती घ्यावी, याला निराळे धैर्य लागते असे आम्हांस वाटते. १९९७ साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा किरणांचे यंत्र आले. लहान गुंत्यावर किरण एकवटले की तो दोनतीन वर्षांत हळूहळू आकसून बंद होतो. मात्र तोवर फुटण्याचे भय कायम राहते.

आमच्या खांदा कॉलनीकडून परळ गाठणे हा एके काळी प्रवासच होता. १९७३ साली वाशीचा खाडीपूल होईपर्यंत पनवेलकराला ठाण्याचा वळसा चुकत नसे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू आता शिवडीस, म्हणजे परळच्या उंबरठ्यावर, नेऊन सोडतो. शिवाय मेंदूतील रक्तस्राव दाखविणारे सीटी स्कॅनही गावातच होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राखाली पहिला रोगी झोपला, तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नसेल.

तथापि यंत्र जवळ आले म्हणून निदान जवळ येतेच असे नाही. पाठीच्या कण्यातील विकार तर फार फसवा. आमच्याच वसाहतीतील पन्नाशी उलटलेल्या एका गृहस्थांचे पाय चालताना जड पडू लागले, पुढे लघवीची तक्रार सुरू झाली. वर्षभर मणक्याची झीज म्हणून शेक व व्यायाम चालले होते. व्यायामाने दुखणे बळावे, हीच खरी खूण होती. पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अखेर एमआरआयमध्ये मज्जारज्जू सुजलेला व त्यावर सर्पाकार वाहिन्या दिसल्या. फ्वा व अलाझुआनिन या फ्रेंच वैद्यांनी १९२६ सालीच अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले होते. परंतु बिघाड रज्जूत नसून त्याच्या आवरणातील एका लहानशा छिद्रवजा जोडात असतो, हे केंडॉल व लोग यांनी दाखविण्यास १९७७ साल उजाडले. त्या जोडातून नीलेत रक्त तुंबते आणि मज्जारज्जू गुदमरतो. जोड बंद केला की अवनती थांबते, मात्र गेलेले बळ सगळे परत येतेच असे नाही. आमचे गृहस्थ आज काठीने चालतात.

आता सर्वांत बिकट प्रश्न. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत न फुटलेला गुंता आढळला, तर काय करावे? असा गुंता फुटण्याचा संभव दरसाल शेकडा दोन ते चार इतका धरतात. ऐकण्यास तो अल्प वाटतो, परंतु पंचविशीच्या मुलापुढे अजून चाळीसपन्नास वर्षे असतात. उलटपक्षी, उपचारातही जीव वा वाचा जाण्याचा धोका आहे. स्पेट्झलर व मार्टिन यांनी १९८६ साली गुंत्याचा आकार, त्याची जागा व रक्त खोल नीलांत उतरते की नाही, या तीन गोष्टींवरून शस्त्रक्रियेचा धोका मोजण्याची रीत घालून दिली. ती अद्याप चालते. ‘अरुबा’ नावाची पाहणी २०१३ साली मध्येच थांबविण्यात आली. तिच्यातील २२३ रोग्यांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांच्यात झटका किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ३०.७ निघाले, नुसत्या औषधांवर राहिलेल्यांत ते शेकडा १०.१ होते. तेव्हा हात लावू नये, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणतो की, ही पाहणी सरासरी तीन वर्षांचीही नव्हती, तिच्यात शस्त्रक्रिया झालेले रोगी थोडे होते, आणि तरुणाच्या आयुष्याचा हिशेब इतक्या अल्प काळावर मांडता येत नाही. आमचे मत विचाराल तर दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. पण म्हणून भीतीने घाईघाईत मस्तक उघडावे असे त्यातून निघत नाही. एकदा फुटून गेलेल्या गुंत्याविषयी मात्र हा वाद फारसा नाही. तो पुन्हा फुटण्याचा संभव अधिक असल्याने, जेथे शक्य असेल तेथे तो बंद करावा असेच बहुतेक वैद्य सांगतात.