बॅटरीचा पहारेकरी: भुसावळच्या डब्यांपासून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत

सौर दिव्यांचा संच घेताना दोन गोष्टींची चौकशी हमखास होते. पॅनेल किती वॉटचे आणि बॅटरी किती ॲम्पिअर-तासांची? या दोहोंच्या मधे भिंतीवर बसणाऱ्या तळहाताएवढ्या पेटीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तिला चार्ज कंट्रोलर किंवा प्रभार नियंत्रक म्हणतात. पुढे आम्ही नुसते 'नियंत्रक' म्हणू. बॅटरी पाच-सहा वर्षे टिकणार की दीड वर्षात भंगारात जाणार, हे बहुतांशी ही पेटी ठरवते. तारांचे जाळे जिथे पोहोचलेले नाही, तिथे याचा अर्थ सरळ आहे: बॅटरी गेली की घरात पुन्हा घासलेटची चिमणी.

या पेटीचा इतिहास सौरघटापेक्षा जुना आहे, आणि त्याचा एक धागा खानदेशातून, भुसावळ जंक्शनवरून जातो.

फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते याने १८५९ साली शिसे-आम्ल बॅटरी बनवली आणि १८८१ मध्ये कामिय फोर याने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची धारणशक्ती वाढवली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरील एका डब्यात अशा बॅटऱ्यांवर विजेचे दिवे लागले. पण बॅटऱ्या उतरवून पुन्हा भारित करण्याचा खटाटोप मोठा होता. मग विचार झाला की धावत्या चाकांनीच डायनॅमो फिरवावा. इथे अडचण उभी राहिली. गाडी थांबली की डायनॅमोचे विभवांतर शून्य होते आणि बॅटरीतला प्रवाह उलटा डायनॅमोत शिरतो. गाडी भरधाव सुटली की विभवांतर बेसुमार वाढते आणि बॅटरी उकळू लागते.

लंडनच्या जे. स्टोन आणि कंपनीने १८९० च्या दशकात यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. डायनॅमो डब्याखाली झुलता टांगायचा आणि आसावरून चामडी पट्ट्याने फिरवायचा. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्ट्याचा ताण डायनॅमोला जवळ ओढून घेई, पट्टा घसरू लागे आणि डायनॅमोचा वेग वाढत नसे. पुरेसा वेग आल्यावरच डायनॅमो बॅटरीला जोडायचा आणि वेग उतरला की तोडायचा, हे काम एक केंद्रोत्सारी कळ करी. इलेक्ट्रॉनिकीचा जन्म होण्यापूर्वीचा हा नियंत्रक होय. भारतीय रेल्वेतही डब्याखालचा पट्टा, डायनॅमो आणि बॅटरी हीच रीत रूढ झाली. भुसावळ हे विभागीय मुख्यालय आणि मोठे जंक्शन. असे शेकडो डबे तिथून गेले असतील. पुढे मोटारगाडीत हेच काम विद्युतचुंबकावर चालणाऱ्या कळीकडे आले. तिला आपले गॅरेजवाले 'कटआउट' म्हणत.

१९५४ साली बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा सौरघट तयार केला. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये सौरघट आणि १९७८ मध्ये पॅनेल बनवले. डायनॅमोपुढचे प्रश्न इथे पुन्हा आले, फक्त वेश बदलून. रात्री पॅनेल जनित्र राहत नाही. ती डायोडांची माळ बनते आणि बॅटरीतून थोडा प्रवाह उलट वाहतो. यावर एक डायोड पुरला. बॅटरी भरल्यानंतर काय करायचे, याला मात्र सौरघटाने एक नवी सोय दिली. डायनॅमोची टोके एकमेकांना जोडली तर तो जळेल. पॅनेलची जोडली तर काहीच बिघडत नाही, कारण त्याचा लघुमंडल प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच जास्त असतो. पहिल्या पिढीचे अनेक नियंत्रक हेच करत. बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचली की पॅनेल लघुमंडलित.

याच काळात काही उत्पादकांनी नियंत्रकच नको, असा मार्ग काढला. सौरघटांची संख्या ३० ते ३२ ठेवायची, म्हणजे बॅटरी भरत आली की पॅनेलचे विभवांतर पुरेसे उरत नाही व प्रवाह आपोआप घटतो. कागदावर ही युक्ती निर्दोष वाटते. पण कागदावरचे आकडे २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात, आणि जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो! उन्हातले पॅनेल हवेपेक्षा २०-२५ अंशांनी अधिक तापते, म्हणजे ६५ ते ७० अंश. दर अंशाला प्रत्येक सौरघट सुमारे २ मिलिव्होल्ट गमावतो. ३० घटांचे पॅनेल २५ अंशांना सुमारे १४.५ व्होल्टला सर्वाधिक शक्ती देत असेल, तर ६५ अंशांना ते १२ व्होल्टवर उतरते. एवढ्यावर १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही. ३६ घटांचे पॅनेल १७.३ वरून साधारण १४.३ वर येते. ३६ ही संख्या का रूढ झाली, याचे उत्तर या तीन व्होल्टमध्ये आहे.

उष्णता बॅटरीच्या बाजूनेही हिशेब बदलते. तापलेल्या बॅटरीत पाण्याचे विघटन कमी विभवांतरालाच सुरू होते. दर घटामागे दर अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट धरले, तर सहा घटांच्या बॅटरीसाठी ४५ अंशांना मर्यादा १४.४ वरून १४ च्या खाली आणावी लागते. तापमान न जोखणारा नियंत्रक खानदेशी उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी रोज थोडे थोडे उडवत राहतो. आमच्या मते नियंत्रक निवडताना पहिला प्रश्न हाच असावा: याला तापमानाची जाण आहे का? आणि बॅटरी पत्र्याच्या खोलीत व पेटी व्हरांड्याच्या सावलीत असेल, तर ती जाण कोणाच्या तापमानाची?

तेव्हाचा धुळे जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. अक्राणी, अक्कलकुवा हे सातपुड्यातले तालुके त्यातच होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. विखुरलेले पाडे, मधे डोंगर, म्हणून तिथे तारा उशिरा पोहोचल्या. बिलगावात २००३ मध्ये धबधब्यावर १५ किलोवॉटचे छोटे जलविद्युत केंद्र गावकऱ्यांच्या श्रमाने आणि केरळमधील अभियंत्यांच्या मदतीने उभे राहिले. २००६ मध्ये ते सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाले. पाड्यापाड्यांवर खरे सोयीचे होते ते सौर संच. केंद्र सरकारच्या योजनेतील एका ठरावीक संचात ३७ वॉटचे पॅनेल, १२ व्होल्ट ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणि ९ वॉटचे दोन सीएफएल दिवे असत. पुढे २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे संच आले. त्यात पाच एलईडी दिवे आणि एक पंखाही होता.

अशा संचातला नियंत्रक आणखी एक काम करतो आणि त्यापायी शिव्याही खातो. बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास उतरली की तो दिवे तोडतो, कारण रिकाम्या बॅटरीत शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि ते मग विरघळत नाहीत. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडत नाही, मुलांचा अभ्यास असतो आणि दिवा बंद! मग कोणीतरी तारेचा तुकडा घेऊन नियंत्रकाला वळसा घालते. दिवा लागतो, बॅटरी काही महिन्यांत संपते. यात अडाणीपणा शोधणे आम्हाला पटत नाही. बॅटरीत किती उरले आहे हे न दाखवणारी, नुसताच लाल दिवा लावून गप्प बसणारी पेटी वापरणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. मग त्याने तिच्यावर का ठेवावा?

१९९० च्या दशकात प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा जोडून-तोडून हळूहळू आवळणारे पीडब्ल्यूएम नियंत्रक पसरले. बॅटरी पूर्ण भरण्याचे काम ते जुन्या कळीपेक्षा कितीतरी चांगले करतात. दुसरा प्रकार एमपीपीटी. त्याचे मूळ १९६० च्या दशकातील अवकाशयानांत आहे. पॅनेल ज्या विभवांतराला सर्वाधिक शक्ती देते तिथेच त्याला ठेवायचे आणि मिळालेली शक्ती बॅटरीच्या विभवांतराला रूपांतरित करायची. विक्रेते सांगतात, एमपीपीटी ३० टक्के जास्त वीज देतो. हिशेब करून पाहू. बॅटरी १३.५ व्होल्टला असताना २५ अंशांचे ३६ घटांचे पॅनेल १७.३ व्होल्ट देते, म्हणजे लाभ २८ टक्के, बोलणे खरे. मे महिन्यात तेच पॅनेल १४.३ वर असते. लाभ ६ टक्के, त्यातून रूपांतरातला चार-पाच टक्के तोटा वजा करा. उरले काय? हिवाळ्यात, पॅनेल ४० अंशांवर असताना, १५ टक्क्यांच्या आसपास हाती लागते. दोन-तीन दिव्यांच्या घराला, ३६ घटांचे पॅनेल असेल तर, चांगला पीडब्ल्यूएम पुरेसा आहे.

पण आज बाजारात स्वस्त मिळतात ती मोठी पॅनेले. ती जाळ्याला जोडण्यासाठी किंवा शेतीपंपांसाठी बनतात. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. तिथली वीज थेट जाळ्यात जाते, बॅटरीचा प्रश्नच येत नाही. सौरपंपातही साठा पाण्याचा होतो. अशा ६० घटांच्या २५० वॉटच्या पॅनेलचे विभवांतर ३० व्होल्ट आणि प्रवाह ८.३ ॲम्पिअर. पीडब्ल्यूएममधून ते १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर ८.३ गुणिले १३.५, म्हणजे ११२ वॉटच मिळतात. अर्ध्याहून अधिक वीज पेटीच्या दारातच राहते. इथे एमपीपीटीला पर्याय नाही.

मात्र त्याची एक मर्यादा उन्हाळ्यात नव्हे, थंडीत तपासावी. अशा पॅनेलचे खुल्या मंडलातील विभवांतर ३७ व्होल्ट धरा; दोन एकसरीत जोडली की ७४. नियंत्रकावर ७५ लिहिलेले असते, म्हणून माणूस निश्चिंत होतो. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. त्या पहाटे पहिले ऊन पडताच तीच जोडी ७८ व्होल्टच्या पुढे जाते आणि पेटीतले ट्रान्झिस्टर क्षणात जातात.

शाळेत हे मोजून पाहता येईल. एक छोटे पॅनेल, एक मल्टिमीटर आणि पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक पुरतो. सकाळी आठला आणि दुपारी दोनला पॅनेल उन्हाकडे नीट वळवून खुल्या मंडलातील विभवांतर मोजावे, असे जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा. दर अंशाला किती मिलिव्होल्ट घटले, त्याला घटांच्या संख्येने भागले की दोनच्या आसपासचा आकडा विद्यार्थ्यांच्या वहीत येईल. बॅटरीची टोके मात्र त्यांनी शिक्षकांशिवाय हाताळू नयेत.