परमिट, पासपोर्ट आणि कराचीत अडवलेले अस्पृश्य

नागरिकत्व सुधारणा कायद्यात ‘बौद्ध’ हा शब्द आहे, मग आपल्याला कसली काळजी, असे चुडाव्यातले तरुण आम्हाला विचारतात. उत्तर द्यायचे तर फाळणीपासून सुरुवात करावी लागते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये चुडावा भारतात नव्हते. परभणी जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. त्या महिन्याच्या अखेरीस बाबासाहेबांनी पाकिस्तान आणि हैदराबाद, दोन्हीकडच्या अस्पृश्यांसाठी निवेदन काढले. पाकिस्तानातल्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, जीव वाचवण्यासाठी धर्मांतर करू नये, हैदराबादेतल्यांनी निजामाची बाजू घेऊ नये. मुसलमानांवर व मुस्लिम लीगवर विसंबू नका, असेही त्यात आहे. मोबाइलवर सध्या तेवढेच फिरते.

पण यावे म्हटले तरी येऊ देत होते कोण? पाकिस्तान सरकारने सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेत धरून रोखले. भारताचे तिथले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश (पुढे हेच महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले) यांनी हा विषय काढला, तेव्हा पंतप्रधान लियाकत अलींचा सवाल होता की हे गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार? त्या वेळी पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल होते आणि भारताचे बाबासाहेब. दोन वैरी देशांची कायदा खाती अस्पृश्य समाजाच्या माणसांकडे, आणि समाज मात्र झाडूला बांधलेला! मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला आले.

डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिले. त्यात पाकिस्तानविरुद्ध तक्रार आहे, तशीच भारतातल्या मदतकार्याविरुद्धही आहे: छावणीबाहेरच्या अस्पृश्य निर्वासितांना मदत मिळत नव्हती. हे पत्र कुणी फिरवत नाही.

पुढे सीमा आवळत गेली. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना भारताने परमिट सक्तीचे केले, पाकिस्ताननेही तसेच केले, आणि १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला. पाकिस्तानात जाऊन परमिटवर कायमचे परतलेल्या मुसलमानांना नागरिकत्व द्यावे का, यावर ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत कडाक्याचा वाद झाला. लोकमत तापलेले होते. आपल्या विदर्भाच्या पंजाबराव देशमुखांनी, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या कोणत्याही हिंदू वा शिखाला नागरिकत्वाचा हक्क द्या, अशी दुरुस्ती मांडली. सभेने ती फेटाळली. बाबासाहेबांनी मांडलेल्या कलमांत धर्माचा उल्लेख आला नाही. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता.

२०१९ च्या कायद्यात तो आला. पण त्यातला ‘बौद्ध’ म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेला. परभणीत जन्मलेल्याला तो शब्द उपयोगाचा नाही. त्याला जन्माचा नियम लागतो: १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेला नागरिकच. त्यानंतरच्याचे आई किंवा वडील नागरिक हवेत. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघांचीही स्थिती पाहिली जाते. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या लेकरांच्या नोंदी म्हणूनच वेळेत करून घ्या. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.