ओतीव गोळी, जड (मोठ्या व्यासाच्या लिव्हर-ॲक्शन रायफलींतील)

शिशाचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतलेली, तांब्याचे आवरण नसलेली रायफलची गोळी. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मोठ्या व्यासाच्या लिव्हर-ॲक्शन शिकारी रायफलींपुरता, मुख्यतः .४५-७० गव्हर्नमेंट या काडतुसाच्या संदर्भात केला आहे. या गोळीचा व्यास सुमारे .४५८ इंच (११.६ मिमी.) आणि वजन सामान्यतः ३०० ते ५०० ग्रेन (सुमारे १९ ते ३२ ग्रॅम) असते. ती घरी ओतून, घरीच भरलेल्या काडतुसात वापरण्याची परंपरा प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे टिकून आहे.

इतिहास : अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील एकबारी रायफलीबरोबर .४५-७० काडतूस स्वीकारले. नावातला पहिला आकडा नळीचा व्यास सांगतो, दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधले वजन. मूळ गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमांहून थोडी अधिक होती. घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी दारू ५५ ग्रेनपर्यंत कमी केली जाई, कारण हलक्या हत्यारातून पूर्ण बाराचा धक्का स्वाराला सोसवत नसे. न्यू जर्सीतील सँडी हुक येथे १८७९ मध्ये अतिदूर पल्ल्याच्या चाचण्या झाल्या आणि त्यानंतर लष्कर ५०० ग्रेनच्या गोळीकडे वळले. १८९२ मध्ये लहान व्यासाची क्रॅग रायफल आली आणि .४५-७० लष्करी सेवेतून मागे पडू लागले. शिकाऱ्यांनी मात्र ते सोडले नाही.

लिव्हर-ॲक्शन रायफलीत हे लांब काडतूस बसवणे सोपे नव्हते. विंचेस्टरच्या १८७६ च्या रायफलीतील बिजागरीची रचना त्याच्या लांबीला अपुरी पडे, म्हणून कंपनीने तिच्यासाठी आखूड व जाडसर .४५-७५ काडतूस काढले. .४५-७० यशस्वीपणे झेलणारी पहिली लिव्हर-ॲक्शन रायफल मार्लिन कंपनीची, १८८१ ची. जॉन मोझेस ब्राउनिंगच्या आराखड्यावर बनलेली विंचेस्टर १८८६ हा मात्र या घराण्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. दोन उभ्या अडसरांनी बंद होणारी ही यंत्रणा इतकी भक्कम होती की .४५-७०, .४५-९० आणि थेट .५०-११० पर्यंतची काडतुसे तिने पेलली, आणि पुढे धूरविरहित दारूचा वाढीव दाबही सोसला. अमेरिकी गव्यांचा (बायसनांचा) संहार या रायफलींनी केला असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. तो संहार मुख्यतः १८७० च्या दशकात, शार्प्स व रेमिंग्टनच्या एकबारी रायफलींनी झाला. विंचेस्टर १८८६ बाजारात आली तेव्हा मैदानांवर मारण्याजोगे कळप उरलेच नव्हते.

विसाव्या शतकात वेगवान, लहान व्यासाच्या आवरणयुक्त गोळ्यांनी ही काडतुसे झाकोळली. मार्लिनची मूळ १८९५ रायफल १९१७ च्या सुमारास बंद झाली. मार्लिनने १९६४ मध्ये .४४४ हे नवे सरळ भिंतीचे काडतूस आणले, तर १९७२ मध्ये १८९५ हेच नाव पुन्हा घेऊन .४५-७० ची आधुनिक रायफल काढली. ओतीव गोळीचे आजचे जग बहुतांशी या दुसऱ्या १८९५ भोवती उभे आहे. आखूड नळीची 'गाइड गन' १९९८ मध्ये आली. पुढे मार्लिन रेमिंग्टनकडे गेली आणि २०२० मध्ये दिवाळखोरीच्या विक्रीत रुगर कंपनीने ती घेतली; रुगरने घडवलेली १८९५ ही २०२१ च्या अखेरीपासून मिळू लागली.

आकार व लांबीची बंधने : या रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक ठेवली जातात. पुढच्या काडतुसाच्या प्रस्फोटक टोपीला मागच्या गोळीचे नाक टेकलेले असते. नाक टोकदार असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याचा धोका राहतो. म्हणून गोळीचे नाक सपाट किंवा बरेच बोथट ठेवावे लागते. (हॉर्नडी कंपनीने २००५ मध्ये मऊ बहुवारिकाच्या टोकाची गोळी काढून कारखानी काडतुसांपुरता हा पेच सोडवला.) दुसरे बंधन पुंगळीच्या तोंडाचे. नळकांड्यातील स्प्रिंगचा दाब आणि बाराचा धक्का यांनी गोळी पुंगळीत मागे ढकलली जाते, त्यामुळे तोंड गोळीवरच्या खास खाचेत घट्ट मुरडावे लागते. तिसरे बंधन एकूण लांबीचे : .४५-७० ची प्रमाणित कमाल लांबी २.५५ इंच (६४.८ मिमी.) आहे, आणि त्याहून लांब काडतूस मार्लिनच्या यंत्रणेतून सहसा फिरत नाही. साहजिकच ५०० ग्रेनची गोळी घ्यायची तर ती पुंगळीत खोल बसवावी लागते व दारूची जागा कमी होते. ४०० ते ४३० ग्रेनच्या टप्प्यात ही ओढाताण सर्वांत कमी असते. दीडशे वर्षांपूर्वीची ४०५ ग्रेनची योजना आजही सर्वाधिक वापरात आहे, ती याच कारणाने. लायमन कंपनीचा ४५७१९३ क्रमांकाचा सपाट नाकाचा साचा या वर्गाचा नमुना मानला जातो. ए. सी. गूल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ३३० ग्रेनची, नाकाला पोकळी असलेली गोळी हा जुना हलका पर्याय. काळ्या दारूच्या वेगाला आणि हरणासारख्या प्राण्यांना ती साजेशी आहे.

नळीशी मेळ : ओतीव गोळीबद्दलचा सर्वांत दृढ गैरसमज असा की ती जितकी कठीण तितकी चांगली. नळीत शिसे चिकटू लागले की नवखा माणूस आणखी कठीण धातू शोधतो. खरे कारण बहुधा मापात असते. गोळी नळीतील खाचांपेक्षा बारीक असेल तर बाराचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, शिसे वितळवतो व ते नळीत लिंपतो. गोळी कठीण असेल तर ती दाबाखाली फुगून ही फट बुजवूही शकत नाही, म्हणजे दुखणे वाढते. यावरचा उपाय जुना व खात्रीचा आहे : शुद्ध मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ठोकत न्यायचा, त्यावर उठलेले ठसे मायक्रोमीटरने मोजायचे आणि त्या खाचांच्या व्यासाहून एक-दोन सहस्रांश इंच जाड गोळी वापरायची. नाममात्र .४५८ इंचाच्या नळीला .४५९ किंवा .४६० इंचाची गोळी लागते. प्रत्येक नळीचे माप वेगळे निघते, म्हणून दुसऱ्याच्या रायफलीचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही.

मार्लिनच्या 'मायक्रो-ग्रूव्ह' नळ्यांवर ओतीव गोळी नीट चालत नाही अशी जी ओरड दीर्घकाळ झाली, तिचा उगमही येथेच आहे. या नळ्यांत थोड्या खोल खाचांऐवजी अनेक उथळ खाचा असत. बारीक गोळी त्यांत घसरे. जाड गोळी मात्र उत्तम चाले. कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या व्यासांना जुन्या पद्धतीच्या खोल खाचा पुन्हा दिल्या. त्या ओतीव गोळीला अधिक सोयीच्या आहेत यात शंका नाही, तरी उथळ खाचांना दिलेला दोष अतिरंजितच म्हटला पाहिजे.

पिळाचा, म्हणजे नळीतील खाचांच्या वळणाचा, प्रश्न निराळा आहे. गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी किती वेगाने फिरावी हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते, वजनावर थेट नाही. वुलिच येथील गणिती आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचे सूत्र मांडले. .४५-७० च्या मार्लिन नळीत २० इंचांत एक फेरा असतो आणि तो ५०० ग्रेनच्या गोळीलाही पुरतो. सुरुवातीच्या .४४४ नळ्यांत मात्र ३८ इंचांत एक फेरा होता, त्यामुळे लांब व जड गोळ्या त्यांत डळमळत.

मिश्रधातू : शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा सुमारे ५. काळ्या दारूच्या काळात त्यात कथील मिसळत. २० किंवा ३० भाग शिशास एक भाग कथील हे प्रमाण आजही मंद वेगाच्या बारांना उत्तम आहे, कारण अशी गोळी प्राण्याच्या अंगात पसरते पण फुटत नाही. विसाव्या शतकातील हौशी ओतणाऱ्यांचा आधार म्हणजे मोटारींच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली वजने. त्यांत शिशाबरोबर सुमारे ३ टक्के अँटिमनी व किंचित आर्सेनिक असे, कठीणपणा १२ च्या आसपास. साच्यातून निघालेली तापलेली गोळी थेट पाण्यात टाकली की हाच धातू बराच अधिक कठीण होतो. आता या वजनांत शिशाची जागा पोलाद व जस्त घेत आहेत. जस्त चुकून मुशीत गेले तर धातू साच्यात नीट भरत नाही आणि सगळा घाणा बिघडतो.

दुसरा स्रोत छापखान्याचा. लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते आणि त्याचा कठीणपणा २२ पर्यंत जातो. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी छपाईचे जे सुबक खिळे पाडले, ते शिसे, अँटिमनी व कथील याच त्रयीच्या कुळातले. अँटिमनीमुळे धातू कठीण होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, त्यामुळे साच्याची कोर न् कोर उमटते. अक्षराला जो गुण हवा तोच गोळीला हवा. लायनोटाइपचा निखळ धातू शिकारी गोळीला मात्र योग्य नाही. तो ठिसूळ असल्याने जाड हाडावर गोळीचे तुकडे होऊ शकतात. मऊ शिसे मिसळून तो १२ ते १८ च्या दरम्यान आणणे शहाणपणाचे.

ओतकाम : धातू ३७० ते ४०० अंश सेल्सियसला ओततात. मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळले की मळी वर येते आणि कथील पुन्हा धातूत मिसळते. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, अति तापला तर ती पांढुरकी दिसते. तपासणीत सर्वाधिक लक्ष बुडाकडे द्यावे लागते. नाकावरचा बारीक दोष नेमाला फारसा बाधत नाही. बुडाची कड एका बाजूने गोलसर राहिली तर नळीच्या तोंडाशी वायू असमान सुटतो व गोळी भरकटते. आत पोकळी राहिलेल्या गोळ्या वजन करून बाजूला काढतात. गोळीवरच्या खाचांत वंगण भरले जाते : काळ्या दारूला मेण व चरबी, धूरविरहित दारूला मेण व अलॉक्स यांचे मिश्रण. वेग वाढवायचा असेल तर बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात. न्यू हेवनच्या आयडियल कंपनीचे जॉन बार्लो यांनी ही वाटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस प्रचारात आणली.

प्रक्षेप व परिणाम : काळ्या दारूच्या मूळ बारात ४०५ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४०५ मीटर व ऊर्जा सुमारे २,१५० ज्यूल. आधुनिक मार्लिनमध्ये ५५० मीटरपर्यंत वेग मिळतो व ऊर्जा ४,००० ज्यूलच्या जवळ जाते. कागदावर हे आकडे आजच्या अनेक रायफलींपुढे साधे दिसतात, कारण ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग धरला जातो आणि जड, मंद गोळीचे मोल त्यात उतरत नाही. प्रत्यक्षात रुंद सपाट नाक ऊतींना थेट चिरडत जाते. आणि कठीण गोळी पसरत नसल्याने मूस किंवा मोठ्या अस्वलाच्या देहातून लांबवर आरपार जाते. वेरल स्मिथ यांनी आपल्या साच्यांतून व लेखनातून नाकाच्या सपाट भागाची रुंदी हाच निर्णायक घटक असल्याचा आग्रह धरला, आणि अलास्कासारख्या अस्वलांच्या मुलखातील वापराने तो बराचसा खरा ठरवला आहे. मर्यादा पल्ल्याची आहे. मूळ वेगाच्या बारात १०० यार्डांवर नेम बांधला तर २०० यार्डांवर गोळी सुमारे दोन फूट खाली जाते. म्हणून हे हत्यार दाट झाडीचे व दीडशे यार्डांच्या आतले समजावे. त्यापुढे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी प्राणी जखमी होऊन हातचा जातो, आणि तसा बार टाकणे अनुचित आहे.

धोके व कायदा : एकच काडतूस तीन वेगवेगळ्या ताकदीच्या रायफलींत बसते, हा .४५-७० चा सर्वांत मोठा धोका. जुन्या स्प्रिंगफील्डमुळे कारखानी काडतुसांचा प्रमाणित कमाल दाब प्रति चौरस इंच २८,००० पौंड इतकाच ठेवला आहे. काडतुसे भरण्याच्या पुस्तकांत जुन्या एकबारी, आधुनिक लिव्हर-ॲक्शन व आधुनिक एकबारी रायफलींसाठी वेगळे तक्ते असतात. एका तक्त्याचा बार दुसऱ्या वर्गाच्या रायफलीत गेला तर नळीचे बूड फाटू शकते. ओतताना पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या धातूत गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन शिसे अंगावर उडते. शिशाची धूळ विषारी आहे आणि मुलांच्या मेंदूला तिचा सर्वाधिक अपाय होतो. हे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये.

शिकारीच्या शिशाचे अवशेष खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे विषबाधेने मरतात हे सिद्ध झाल्यावर त्या राज्याने टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले, आणि १ जुलै २०१९ पासून तेथे शिकारीसाठी शिशाची कोणतीही गोळी वापरता येत नाही. कठीण ओतीव गोळीचे कण आवरणयुक्त मऊ गोळीपेक्षा कमी उडतात हा हौशी मंडळींचा युक्तिवाद खरा आहे. तरी आतडी व अवशेष रानात राहतात तोवर पक्ष्यांवरचा धोका शून्य होत नाही, त्यामुळे कायदा समर्थनीयच ठरतो. याउलट ओहायोसारख्या राज्याने २०१४ पासून हरणाच्या शिकारीत सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना मुभा दिली. कमी पल्ल्याची ही काडतुसे दाट वस्तीच्या मुलखात चालतील असा विचार त्यामागे होता, आणि .४५-७० ला त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.