२,१४,७४,८३,६४७ : संगणकाच्या कालगणनेची सीमा

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोन या संख्येचा ३१ वा घात काढून त्यातून एक वजा केला की ही दहा अंकी संख्या मिळते. गणितात आणि संगणकशास्त्रात तिला वेगळे स्थान आहे.

एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज तिला कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारँ मर्सेन यांनी १६४४ साली अशा स्वरूपाच्या मूळ संख्यांची जी यादी दिली, तीत ३१ हा घातांक होता. त्याची सिद्धता मात्र लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. ती १७७२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सेंट पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे ४६,३४० पर्यंतच्या सर्व संख्या तपासण्याऐवजी चारशेपेक्षाही कमी भागाकार पुरेसे ठरले. पुढे अनेक दशके हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

तिला दोनच्या ३० व्या घाताने गुणले असता १९ अंकी 'परिपूर्ण संख्या' मिळते. सहा ही जशी १, २ आणि ३ या आपल्या विभाजकांची बेरीज आहे, तशीच ही संख्याही स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांची बेरीज होय. अशा संख्यांचा उपयोग काहीच नसल्याने याहून मोठी शोधण्याच्या फंदात कोणी पडणार नाही, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. मात्र १८७६ मध्ये फ्रान्सच्या एद्वार ल्यूका यांनी ३९ अंकी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्यापासून त्याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळाली.

द्विमान पद्धतीत आपली दहा अंकी संख्या म्हणजे ओळीने ३१ एकक. ३२ बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या ठरते. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ही मोजणी ३२ बिटांत ठेवणाऱ्या यंत्रांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. पुढच्याच सेकंदाला मोजणी ऋण होऊन दिनांक १३ डिसेंबर १९०१ असा दिसू शकेल.

यावर ६४ बिटांची मोजणी हा उपाय असून ती सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरेल. नव्या संगणकांत हा बदल बव्हंशी झाला आहे. खरी चिंता आहे ती कारखान्यांतील आणि उपकरणांतील, वर्षानुवर्षे न बदलल्या जाणाऱ्या जुन्या नियंत्रकांची.