संगणकासाठी शाखा कोणती? ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील एका प्रश्नाचा इतिहास

धागा. बारावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : संगणकाच्या क्षेत्रात जायचे तर शाखा कोणती घ्यावी? कॉम्प्युटर की आयटी, अभियांत्रिकी की बीएस्सी, की सरळ बीसीए? प्रश्न आजचा वाटतो, पण त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासातील पहिली गंमत अशी की, ज्यांनी हे क्षेत्र आपल्याकडे उभे केले त्यांना ही शाखा निवडण्याची सोयच नव्हती.

१९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधावयास घेण्यात आला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती होती. म्हणजे अवघी दहा किलोबाइट! तुमच्या भ्रमणध्वनीतील एक साधे छायाचित्रही तीत मावणार नाही. १९६० मध्ये हे यंत्र पूर्णतः कामास लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. स्वतः नरसिंहन शिकले होते दूरसंचार अभियांत्रिकी, आणि त्यांची डॉक्टरेट गणितातील.

पुढची नावेही पाहा. टीसीएस घडविणारे फकीरचंद कोहली विद्युत अभियंते. ‘परम’ महासंगणकाचे विजय भटकर यांची पदवीही अभियांत्रिकीची, पण संगणकाची नव्हे. १९८४ मध्ये रेषीय नियोजनाची नवी रीत मांडून जगभर गाजलेले नरेंद्र करमरकर मुंबई आयआयटीचे विद्युत अभियंते. मराठी वाचकांना संगणकाची गोडी लावणारे अच्युत गोडबोले त्याच संस्थेतून १९७२ साली बाहेर पडले ते रसायन अभियंता होऊन. संगणकशास्त्राची बी.टेक. पदवी कानपूरच्या आयआयटीत सुरू झाली तीच मुळी १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

आता आपल्या गावांकडे वळू. येथील कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. डोंबिवली-कल्याण ही चाकरमान्यांची नगरे. सकाळची लोकल गाठून बँकेत, आयुर्विमा महामंडळात, रेल्वेच्या कचेरीत, मंत्रालयात जाणारा कारकून हा या नगरांचा कणा. नेमक्या याच कचेऱ्यांत १९६० च्या दशकापासून संगणकाला कामगार संघटनांचा तीव्र विरोध होता. यंत्र आले की खातेवह्या जाणार आणि खातेवह्यांबरोबर नोकऱ्याही, ही भीती पोकळ नव्हती. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. बँकांतील संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकीकरणाचा करार व्हायला १९८३ साल उजाडले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, केंद्राचे नवे संगणक धोरण आले आणि आयात सैल झाली.

अशा घरात वडील संघटनेच्या सभेला जाणारे आणि मुलगी संध्याकाळी कोबोल शिकायला निघालेली, हे चित्र त्या काळाचे म्हणून डोळ्यांसमोर आणा. एनआयआयटी १९८१ मध्ये स्थापन झाली, ॲप्टेक १९८६ मध्ये. दिवसा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात (स्थापना १९७२) किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयात (स्थापना १९७६) भौतिकशास्त्र वा गणित घ्यायचे आणि संध्याकाळी खासगी वर्गात संगणक शिकायचा, हा मध्यमवर्गाला परवडणारा मार्ग होता. पदवी एका विषयाची, उपजीविका दुसऱ्याच विषयाची! आजच्या पालकांना हे अपघाती वाटेल. मला तर तो त्या पिढीचा विचारपूर्वक हिशेब वाटतो : गणित कधी वाया जात नाही आणि नोकरी न मिळाल्यास शिक्षकी पेशा आहेच.

१९८३ हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. जागा वाढल्या, शुल्कही वाढले. ‘शाखा कोणती?’ या प्रश्नाला ‘परवडेल का?’ हे शेपूट तेव्हा जोडले गेले, ते आजतागायत सुटलेले नाही.

तरीही पुष्कळ काळ हुशार मुलाला यंत्र, विद्युत किंवा रसायन घ्यायला सांगितले जाई, कारण कारखाने डोळ्यांसमोर होते. औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट, साल १९६२. कळव्याला सीमेन्स, पोखरण रस्त्यावर व्होल्टास, मोहोन्याला एनआरसी. यांतल्या एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले. पोखरण रस्त्यावर व्होल्टासच्या प्रशिक्षण केंद्रासमोर टीसीएसचे यंत्र पार्क आले. नाव मात्र ‘यंत्र’! दरम्यान ९ नोव्हेंबर २००४ रोजी ठाणे-वाशी लोहमार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि ऐरोली-महापेच्या संगणक कचेऱ्या डोंबिवलीकराला फोर्टपेक्षा जवळ आल्या. शाखेच्या निवडीवर अभ्यासक्रमाइतकाच रेल्वेच्या वेळापत्रकाचाही प्रभाव पडतो, हे आपले इतिहासकार सहसा लिहीत नाहीत.

या कंपन्यांनी यंत्र, स्थापत्य, कुठल्याही शाखेचे अभियंते घेतले. पुढे ‘इग्नाइट’सारख्या योजनांतून टीसीएसने विज्ञानाचे साधे पदवीधरही घेतले आणि आपल्याच प्रशिक्षण वर्गांत घडविले. मग वेगळ्या शाखेने काय दिले? प्रामाणिक उत्तर असे की प्रणाल्या, संकलक, विदासाठे यांचा पाया चार वर्षे रीतसर घालून दिला. तो पाया ज्यांनी मनापासून घेतला त्यांना पुढे भाषा बदलल्या तरी फारसे अडले नाही. कॉम्प्युटर आणि आयटी यांतील फरक मात्र पहिल्या दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी फार थोडा असतो. पाटी पाहण्यापूर्वी दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचावेत.

पाट्यांचा ताजा अध्याय २०२४ चा. त्या वर्षी बीसीए, बीबीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा झाली. पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. काही महाविद्यालयांनी बीएमएस हे नाव टाकून ‘बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास)’ अशी पाटी लावली. आणि त्याच वर्षी परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांवरील शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा उठवली.