कचेरीच्या दारात उभा असलेला माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘लाच’ असे उत्तर दिले. विषय फार जुना आहे, असे ते म्हणाले. जुना आहे म्हणूनच तो इतिहासात बसतो, असे मी त्यांना सांगितले.

मी विद्वान नाही. कारखान्यात यंत्रावर उभे राहून पोट भरले, पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले, आणि जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, ग्रंथालयाच्या वर्गणीवर. तेव्हा चुकले तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

लाचेचे सर्वांत बारकाईचे चित्र मला प्रथम चिनी कादंबरीत भेटले. वू चिंग्त्स नावाचा लेखक १७०१ ते १७५४ या काळात होऊन गेला. परीक्षा देऊन अधिकारी होणाऱ्या पंडितांवर त्याने एक मोठी कादंबरी लिहिली. तीत एक नवा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू होतो आणि जुन्या अधिकाऱ्याच्या मुलाजवळ इथली कमाई कशी काय, याची चौकशी करतो. मुलगा सांगतो की, माझ्या वडिलांच्या वेळी कचेरीतून तीन आवाज येत: कवितेचे, बुद्धिबळाचे आणि गाण्याचे. आता आपल्या वेळी येतील ते चांदी तोलण्याच्या तराजूचे, हिशेबाच्या मण्यांचे आणि छडीचे! टोमणा त्याने हसत मारला. पण नव्या साहेबाने तो सल्ला म्हणून घेतला. पुढे कचेरीत खरोखरच तेच तीन आवाज घुमू लागले, आणि वरिष्ठांनी हा अधिकारी फार कर्तबगार म्हणून त्याची वाखाणणी केली. लाचखोर माणूस पकडला जात नाही, उलट त्याला बढती मिळते, हे त्या लेखकाने दोनशे सत्तर वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९०३ पासून छापल्या गेलेल्या ल्यू अ ह्या लेखकाच्या कादंबरीत याच्याही पुढची गोष्ट आहे. तिच्यातला अधिकारी एक पैसा खात नाही. पण आपण स्वच्छ आहोत या घमेंडीत निरपराध माणसांना पिंजऱ्यात उभे करून मारतो. हात स्वच्छ असले म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे यातून शिकण्यासारखे आहे.

मात्र ही सारी चित्रे कचेरीच्या आतून काढलेली आहेत. लिहिणारे शिकलेल्या वर्गातले, परीक्षेचा मार्ग जवळून पाहिलेले. दाराबाहेर जो उभा आहे, त्याच्या बाजूने ही गोष्ट कोणी सांगितली? ती आपल्या मराठीत सांगितली गेली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला.

‘असूड’ ही कादंबरी नव्हे. परंतु त्यात एक भाग असा आहे की तो कोणत्याही कथेत शोभावा. साहेबाच्या मुक्कामावरून हताश होऊन एक शेतकरी घरी परततो आहे. त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही. वाटेने तो स्वतःशीच बोलत चालला आहे. आणि मग जोतीराव आपल्याला त्याच्या घरात नेऊन तिथली दैना दाखवतात. साहेबापेक्षा साहेबाला न भेटलेला माणूस त्यांना महत्त्वाचा वाटला. मराठी गद्यात ही मोठीच गोष्ट घडली असे मी समजतो.

जोतीरावांनी नुसत्या शिव्या दिल्या नाहीत, यंत्र उलगडून दाखवले. गोरा अधिकारी सुखासीन. त्याला रयतेची भाषा नीट कळत नाही, म्हणून तो सारे कारकुनावर सोपवतो. रयतेला अक्षर वाचता येत नाही, म्हणून तीही कारकुनावर अवलंबून. दोन आंधळ्यांमध्ये एक डोळस, आणि तो डोळस एका जातीचा. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा क्षुल्लक तंटा कुळकर्ण्यापासून कोर्टापर्यंत कसा चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याच्या पदराची गाठ कशी सुटते, हे त्यांनी क्रमाने मांडले आहे. ते स्वतः सरकारी बांधकामांचे ठेके घेत असत. खात्यांचा व्यवहार त्यांना ऐकीव नव्हता.

हे पुस्तक लिहून पाच वर्षे होतात न होतात, तोच १८८८ साली क्रॉफर्ड प्रकरण उजेडात आले. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर झाला. खर्चिक, कर्जात बुडालेला. मामलेदारांच्या बढत्या आणि बदल्या यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, असा आरोप झाला. हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डची चौकशी तीन जणांच्या मंडळाने पुण्यात केली. लाचेचे आरोप मंडळाने सिद्ध मानले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल मात्र तो दोषी ठरला आणि नोकरीतून गेला. अभय देऊन ज्या मामलेदारांच्या साक्षी घेतल्या, त्यांच्यापैकी काहींवरच पुढे कुऱ्हाड कोसळली, आणि टिळकांनी त्यांची बाजू घेतली.

टिळकांचा मुद्दा बरोबर होता. दिलेले वचन सरकारने पाळले पाहिजे. पण कामगार चळवळीतल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो. मामलेदाराने वर दिलेले पैसे कुठून आणले? पगारातून? बदलीला किंमत आली की ती किंमत शेवटी कुळाच्या खळ्यावरच वसूल होते. चौकशी मंडळापुढे मामलेदार आले. कुळाला तिथे कोण बोलावणार?

ही हकीगत इंग्रजी मुलखाची झाली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १८५३ साली सालारजंग दिवाण होण्यापूर्वी तालुक्याचा महसूल ठेक्याने दिला जाई. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून निघेल तेवढे काढी. म्हणजे इथे लूट हीच पद्धत होती! सालारजंगांनी ठेके मोडले, पगारी अधिकारी नेमले, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. सुधारणा खरी होती. पण कचेरीची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू, आणि कुळाची भाषा मराठी. मधल्या माणसाची गरज तशीच राहिली.

१९४८ साली निजामी राजवट संपली. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठीला राजभाषेचा कायदा मिळाला. शेतकऱ्यांची मुले शिकावीत आणि खुर्चीवर बसावीत, हा जोतीरावांचा आग्रह बऱ्याच अंशी फळाला आला, आणि तो योग्यच होता. तरी प्रामाणिकपणे बोलायचे तर, खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून दारातल्या माणसाचे उभे राहणे संपले नाही. खुर्चीला स्वतःची जात असते.

एक अनुभव सांगतो. कचेरीचे नाव घेत नाही. आमच्या एका कामगाराची यंत्रात बोटे गेली. भरपाईचे कागद एका कचेरीत पडून होते. कारकुनाने कधी पैसे मागितले नाहीत. तो फक्त म्हणे, “साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या.” पाचव्या फेरीनंतर तो कामगार मला म्हणाला, “भाऊ, देऊन टाकू. फेऱ्यांत बुडालेली मजुरी त्याहून जास्त झाली.” मी दरवाजाबाहेर उभा राहिलो आणि त्याला अडवले नाही. वर्षानुवर्षे सभांतून भाषणे केलेला माणूस मी. त्या दिवशी माझ्याजवळ त्याला देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

पुढच्या वेळी मात्र आम्ही दहाजण गेलो. लेखी अर्ज दिला आणि शिक्क्यासह पोच मागितली. आरडाओरडा केला नाही. पोच मिळेपर्यंत हललो नाही, एवढेच. कागद त्या महिन्यात निघाला. एकट्याचा वेळ स्वस्त असतो म्हणून लाच चालते. दहाजणांचा वेळ कचेरीला महाग पडतो.

यात नवे काही नाही. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात छापणारे नारायण मेघाजी लोखंडे पुढची छापायला कचरले. जोतीरावांना त्याचा राग आला, आणि पुरे पुस्तक त्यांच्या हयातीत निघालेच नाही. पण त्याच लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. छापताना कचरलेला माणूस संघटनेत धीराचा ठरला. एवढ्या सह्यांचा अर्ज कोणत्या कारकुनाने फडताळात दडवावा?

आज माहितीचा अधिकार आहे; राज्याचा कायदा २००२ चा होता, देशाचा २००५ चा आहे. २०१५ पासून ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे. ही हत्यारे चांगली आहेत. पण कामावरून थकून आलेल्या एकट्या माणसाच्या हाती ती जड होतात. ती चारजणांनी मिळून उचलावी लागतात.

जाता जाता एक गोष्ट. मुंबईत क्रॉफर्डच्या नावाची मंडई होती. तिचे अधिकृत नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. लाचेच्या आरोपात सापडलेल्या साहेबाच्या जागी लाचेचा ताळेबंद मांडणाऱ्याचे नाव आले, याचा मला फार आनंद वाटतो. लोक मात्र अजून जुनेच नाव घेतात. पाटी बदलायला ठराव पुरतो. सवय बदलायला आपण सर्वांनी एकमेकांबरोबर कचेरीच्या दारापर्यंत चालत जावे लागेल.