भंगारातून आलेलं इंजेक्शन : व्होल्वो २४० ची गोष्ट

गाड्यांचा इतिहास सांगताना आपण बहुतेकदा कारखान्याच्या दाराशी थांबतो. मॉडेल कधी आलं, किती विकलं गेलं, कधी बंद झालं. आज त्यापुढचं बघू. भंगारात गेलेल्या नव्या गाडीचं फ्युएल इंजेक्शन काढून लोक आपल्या जुन्या गाडीला बसवत आले आहेत. हे सहज जमलं ते एका ठरावीक काळातल्या गाड्यांवर. का, ते आज समजून घेऊ.

इंजेक्शनचं काम सांगायला सोपं आहे. इंजिनात हवा किती गेली ते ओळखायचं आणि त्या हिशोबाने पेट्रोल सोडायचं. हे विजेवर करण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९५८ साली क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीचं 'इलेक्ट्रोजेक्टर' जेमतेम ३५ गाड्यांवर दिलं. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखाली टिकेनात. मग त्यातल्या बहुतेक गाड्यांना परत कार्ब्युरेटर बसवावे लागले! म्हणजे ही अदलाबदल झाली ती उलट्या दिशेने.

बेंडिक्सची पेटंटं पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेली. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगन १६०० वर आली. ती नळीतल्या दाबावरून हवेचा अंदाज घ्यायची. १९७० च्या दशकात एल-जेट्रॉनिक आली. तिच्यात वाहत्या हवेने ढकलली जाणारी एक झडप होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये झडपही गेली आणि तिथे प्लॅटिनमची तापवलेली बारीक तार आली. हवा जास्त गेली की तार गार होऊ लागते, मग तिला तापलेली ठेवायला वीज जास्त लागते. त्या विजेवरून हवा मोजायची.

आता व्होल्वो २४० कडे येऊ. ही गाडी १९७४ ते १९९३ बनली, २८ लाखांच्या आसपास. एवढ्या वर्षांत तिचा सांगाडा फारसा बदलला नाही, पण इंजेक्शन बदलत राहिलं. अमेरिकेतल्या गाड्यांवर आधी यांत्रिक के-जेट्रॉनिक होती, नंतर एलएचच्या पहिल्या आवृत्त्या आल्या आणि १९८९ च्या मॉडेलपासून एलएच २.४. १९८० ते १९८७ दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांत एक दुखणं निघालं. इंजिनाच्या वायरिंगचं वरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडे. वायरिंग बदलायचंच आहे, तर भंगारातल्या नंतरच्या २४० किंवा ७४० मॉडेलमधून सगळी २.४ प्रणालीच का आणू नये, असा विचार पुढे आला.

यात 'सगळी' हा शब्द महत्त्वाचा. अर्धं जुनं, अर्धं नवं चालत नाही. हवा मोजणारं यंत्र वेगळं संकेत देतं आणि कंट्रोल युनिटला फक्त आपल्याच यंत्राची भाषा कळते. जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधल्या सेन्सरवरून ठरे, २.४ मध्ये ती फ्लायव्हील वाचणाऱ्या सेन्सरवरून ठरते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलसुद्धा बदलायला हवं. कष्ट बरेच. मोबदल्यात धडधाकट वायरिंग मिळतं, आणि बटण दाबल्यावर दिवा लुकलुकवून बिघाडाचा आकडा सांगणारी छोटी पेटीही.

हे शक्य झालं ते दोन कारणांनी. एक, इंजिनाचं कुटुंब तेच राहिलं, त्यामुळे नवे भाग जुन्या जागी बसले. दुसरं, त्या कंट्रोल युनिटला आपण कोणत्या गाडीत आहोत हे ठाऊकच नव्हतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात चोरी रोखण्यासाठी इमोबिलायझर आले. युनिटची चावीशी गाठ बांधली गेली. एका गाडीतून काढलेलं युनिट दुसरीत नुसतं जोडून भागेना. चोराला अडवणारं कुलूप गॅरेजवाल्यालाही अडवू लागलं.

आपल्याकडे हा काळ उशिरा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने दिल्ली परिसरात युरो निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची मारुती ८०० एमपीएफआयकडे वळली. मायापुरी किंवा चेन्नईच्या पुदुपेटमध्ये सुटे भाग मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. निर्मात्याने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. असं काही करण्याआधी आरटीओत विचारा.

भाग मिळतो, हातात कसब आहे, तरी गाडी दुरुस्त होईलच असं नाही. तो भाग दुसऱ्या गाडीत चालावा अशी सोय बनवणाऱ्याने ठेवलेली असावी लागते. व्होल्वो २४० मध्ये ती बहुधा मुद्दाम ठेवलेली नव्हती, नकळत राहून गेली. आता ती राहू द्यायची की नाही, हे ठरवूनच होतं. म्हणून नवी गाडी घेताना मायलेजसोबत हेही विचारायला हवं : पंधरा वर्षांनी हिला दुसऱ्या गाडीचा भाग चालेल का?